विद्यापीठाच्या सवलतीतला लॅपटॉप: लगेच घ्यावा की थांबावं?

आम्ही रबाळ्याच्या बचत गटातल्या बाया बोलतोय. ठाणे-वाशी लोकलच्या रस्त्यावर ऐरोली आणि घणसोलीच्या मधलं आमचं स्टेशन. एका अंगाला गाव आणि वस्ती, दुसऱ्या अंगाला एमआयडीसी. आमच्यातल्या काही जणी इथल्याच, आगरी घरातल्या. बाकीच्या सातारा, सांगली, बीड, जालना अशा चारी दिशांनी नवऱ्याच्या नोकरीपायी आलेल्या. तुमच्यापैकी कितीतरी जणींची मुलं ऐरोली, कोपरखैरणे, नेरूळ, खारघरच्या कॉलेजांत शिकायला येतात. तेव्हा आजचा विषय जितका आमचा तितकाच तुमचाही आहे. विषय आहे लॅपटॉप.

पूर्वी गटाकडं कर्ज मागायची कारणं ठरलेली असायची. पावसाळ्याआधी पत्रे, जूनमध्ये वह्या-पुस्तकं, मध्येच कोणाचं आजारपण, गावाकडचं लग्न. आता दरवर्षी जुलै-ऑगस्टमध्ये एक तरी अर्ज लॅपटॉपचा असतो, आणि तो बहुतेक वेळा मुलीसाठी असतो. याला कारण आहे. २०२४ च्या जुलैमध्ये राज्य सरकारनं निर्णय काढला. कुटुंबाचं उत्पन्न वर्षाला आठ लाखांपर्यंत असेल, तर आर्थिक दुर्बल, मराठा आणि ओबीसी घटकांतल्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांची शिकवणी फी आणि परीक्षा फी पूर्ण माफ झाली. अट एवढीच की प्रवेश सरकारी केंद्रीय फेरीतून झालेला हवा. फार मोठी गोष्ट झाली ही. आमच्या गल्लीतल्या ज्या मुली बारावीनंतर पॅकिंगच्या कामाला लागायच्या, त्या इंजिनिअरिंगच्या रांगेत उभ्या राहिल्या. पण त्या माफीत लॅपटॉप येत नाही. तो आईबापानं बघायचा.

आणि नेमक्या त्याच वेळी मेसेज येतो. आमच्या एका ताईच्या मुलीला आला तो असा: विद्यापीठाच्या विद्यार्थ्यांसाठी खास सवलत, मूळ किंमत ६८,९९० रुपये, आता फक्त ५६,९९०, पंधरा ऑगस्टपर्यंतच. ताई एका कंपनीत साफसफाईला जाते, नवरा कंत्राटी कामगार. मुलगी घरातली पहिली, जी बारावीच्या पुढं गेली. ताई बैठकीला आली ती हिशेब मांडूनच आली, "बारा हजार वाचतायत, आणि ही संधी गेली तर परत नाही."

गटाच्या खात्यात तेव्हा सत्तर हजारांच्या आसपास होते. त्याच बैठकीत दुसऱ्या एकीचा अर्ज होता. तिचं छप्पर गळत होतं, सासू तापानं आजारी, अंथरूण ओलं. सत्तावन्न हजार एकीला दिले तर दुसरीला काय सांगायचं? दोघी आमच्याच. म्हणून आम्ही आठ दिवस मागून घेतले. ताईला ते आवडलं नाही, हे खरं. ती म्हणाली, "मुलाच्या मोटरसायकलला कोणी आठ दिवस थांबवत नाही." तिचं म्हणणं बरोबर होतं. मुलाची गाडी हप्त्यावर येते आणि गल्लीत पेढे वाटले जातात. मुलीच्या लॅपटॉपवर मात्र सगळ्यांची मतं असतात. आमच्यातच एक काकू म्हणाल्या, "मोबाईल आहे की तिच्याकडं!" लॉकडाऊनमध्ये एका मोबाईलवर तीन-तीन मुलांनी शाळा केली, त्यातली दोन मागं राहिली, हे काकूंच्या घरातच घडलेलं. मोबाईलवर धडा बघता येतो. प्रोग्रॅम लिहिणं, तीस पानांचा अहवाल तयार करणं, नोकरीची परीक्षा देणं त्यावर होत नाही. तेव्हा लॅपटॉप लागतो की नाही यावर आम्ही वाद घातला नाही. तो लागतो. कोणता, केव्हा आणि कितीला, एवढाच प्रश्न होता.

आधी आम्ही हे समजून घेतलं की "विद्यापीठामार्फत सवलत" म्हणजे नेमकं काय. याचे प्रकार वेगवेगळे असतात आणि मेसेजमध्ये ते सगळे सारखेच दिसतात. पहिला प्रकार म्हणजे मोठ्या कंपन्यांचं विद्यार्थ्यांसाठी वेगळं ऑनलाइन दुकान. अॅपल, एचपी, लेनोवो, डेल यांची अशी दुकानं आहेत. तिथं कॉलेजनं दिलेला ईमेल किंवा ओळखपत्र दाखवलं की कमी भाव दिसतो. विद्यापीठ यात पैसे घालत नाही. कंपनीच भाव उतरवते, कारण अठराव्या वर्षी हाताला जे मशीन लागतं तेच माणूस पुढं घेत राहतो. दुसरा प्रकार म्हणजे प्रवेशाच्या दिवसांत एखादा विक्रेता कॉलेजच्या आवारात टेबल टाकतो. तिथं कॉलेजचं नाव दिसत असलं तरी माल आणि जबाबदारी विक्रेत्याची असते. तिसरा प्रकार काही खासगी संस्थांचा, लॅपटॉप फीमध्येच धरलेला. तिथं तर विचारायलाच हवं, की घरी असेल तर नको म्हणता येईल का, आणि त्याची रक्कम वेगळी दाखवाल का.

आमच्या ताईचा प्रकार दुसरा निघाला.

मग आम्ही मशीनचा मॉडेल नंबर मागितला. मैत्रिणींनो, सगळ्यात महत्त्वाची गोष्ट हीच आहे. कंपनीचं नाव आणि रंग सांगून भाव कळत नाही. एकाच नावाखाली वीस मशीनं असतात. एकात जुना प्रोसेसर, दुसऱ्यात नवा, एकात आठ जीबी मेमरी, दुसऱ्यात सोळा. बाजारात साडी घेताना आपण पोत हातात घेऊन बघतो, नुसतं "पैठणी" म्हटल्यावर पैसे काढत नाही, तसंच हे. पूर्ण मॉडेल नंबर अक्षरं-आकड्यांचा लांबलचक असतो, तो खोक्यावर आणि मशीनच्या खाली लिहिलेला असतो. विक्रेता तो देत नसेल तर तिथंच थांबायचं.

नंबर घेऊन दोघी वाशीला गेल्या, एक ठाण्याला. तेच मशीन, तोच नंबर, दुकानात ५३,९९० ला मिळत होतं. म्हणजे बारा हजारांची सवलत होती ती छापील कमाल किमतीवर, आणि त्या किमतीला कोणी घेतच नाही. कमाल किंमत म्हणजे त्याच्या वर विकता येणार नाही असा आकडा. बाजारभाव निराळा असतो. लॅपटॉपवर अठरा टक्के जीएसटी असतो आणि तो त्या छापील किमतीत धरलेलाच असतो, त्यामुळं "टॅक्स वेगळा" असं कोणी म्हणालं तर सावध व्हायचं.

इथं आमच्यातल्या काही जणी लगेच म्हणाल्या, फसवणूक आहे ही. तसं म्हणणंही घाईचं झालं असतं. कागद नीट वाचल्यावर दिसलं की कॉलेजच्या भावात तीन वर्षांची वॉरंटी होती आणि दुकानाच्या भावात एकच वर्षाची. पुढच्या दोन वर्षांची वॉरंटी दुकानात वेगळी घेतली तर साडेचार हजार. म्हणजे दुकानाचा हिशेब ५८,४९०. कॉलेजचा भाव खरोखर दीड हजारानं स्वस्त होता. फायदा होता, पण बारा हजारांचा नव्हता, आणि दीड हजारासाठी गटाची पेटी रिकामी करायची का, हा वेगळा प्रश्न झाला. चार वर्षांच्या शिक्षणात तीन वर्षांची वॉरंटी ही काही फुकाची गोष्ट नाही, हेही आम्ही मान्य करतो. फक्त वॉरंटीत काय येतं ते विचारा. पडून स्क्रीन फुटली, चहा सांडला, तर साध्या वॉरंटीत काही मिळत नाही. त्याला अपघाती नुकसानीचं संरक्षण वेगळं असतं. आणि दुरुस्तीला माणूस घरी येतो की मशीन घेऊन जावं लागतं, सर्व्हिस सेंटर कुठं आहे, हे खेड्यातल्या घरासाठी तर फारच महत्त्वाचं. सुट्टीत मुलगी गावी गेली आणि मशीन बंद पडलं तर?

स्वस्त मशीन आणि शिक्षणसंस्था यांची सांगड आपल्या देशात एकदा फार मोठ्या प्रमाणावर घालून झालीय. 'आकाश' टॅबलेट आठवतो का? ऑक्टोबर २०११ मध्ये केंद्र सरकारनं तो आणला. डेटाविंड नावाच्या कंपनीकडून सरकार तो साधारण सव्वादोन हजाराला घेणार आणि कॉलेजच्या विद्यार्थ्याला निम्म्या किमतीत देणार, अशी योजना. जगभर बातम्या झाल्या, इतकं स्वस्त यंत्र कुठंच नव्हतं म्हणे. पण पहिल्या आकाशचा पडदा बोटानं दाबून दाबून चालवावा लागे, मशीन संथ होतं आणि बॅटरी लवकर उतरायची. पुढं पवईच्या आयआयटीनं, म्हणजे आमच्या ऐरोलीच्या पुलापलीकडं थोडं पुढं गेलं की लागते त्या संस्थेनं, काम हाती घेतलं. सुधारलेला आकाश-२ नोव्हेंबर २०१२ मध्ये राष्ट्रपती प्रणव मुखर्जी यांच्या हस्ते आला. तो आधीपेक्षा पुष्कळ बरा होता. तरी ती योजना टिकली नाही, आणि तोवर साधे स्मार्टफोनच स्वस्त होऊन घरोघर पोचले. हेतू चांगला होता, संस्था नामांकित होती, किंमत तर कुठंच न मिळणारी. तरी शेवटी प्रश्न उरला तो यंत्रावर मुलांचं काम होतं का, हाच.

म्हणून आम्ही पुढचा प्रश्न मुलीच्या अभ्यासाचा घेतला. तिची शाखा इलेक्ट्रॉनिक्स. तिला म्हटलं, वरच्या वर्गातल्या दोघी-तिघींना आणि शिकवणाऱ्या मॅडमना विचारून ये. उत्तर असं आलं की पहिल्या सत्रात गणित, भौतिकशास्त्र असे सगळ्यांना सारखे विषय जास्त, आणि जे काही संगणकावर करायचं ते कॉलेजच्या प्रयोगशाळेत होतं. घरी मशीनची खरी गरज दुसऱ्या सत्रापासून. म्हणजे पंधरा ऑगस्ट ही तारीख विक्रेत्याची होती, मुलीची नव्हती. मध्ये दसरा-दिवाळी होती, आणि तेव्हा दुकानांत भाव उतरतात हे आपल्या सगळ्यांना ठाऊक आहे. मॅडमनी हेही सांगितलं की आठ जीबी मेमरी आणि एसएसडी असलेलं मशीन तिला चालेल, फक्त पुढं मेमरी वाढवायची सोय आहे ना ते बघा. काही पातळ मशीनांत मेमरी कायमची जोडलेली असते, वाढवता येत नाही.

शाखेप्रमाणं हे बदलतं. मेकॅनिकल, सिव्हिलच्या मुलांना नकाशे काढायला जास्त ताकदीचं मशीन लागतं. बीए, बीकॉमला साधं पुरतं. आमच्याच ओळखीतल्या एका घरानं बीकॉमच्या मुलासाठी सवलतीतलं अॅपलचं मशीन घ्यायचं ठरवलं होतं. मशीन उत्तमच, सवलतही खरी. पण टॅली प्राइम विंडोजवर चालतं, अॅपलवर थेट नाही. सॉलिडवर्क्स नावाचं इंजिनिअरिंगचं सॉफ्टवेअरही तसंच. दुकानदार हे आपणहून सांगत नाही. सांगेल कशाला?

सवलतीबरोबर "ऑफिस मोफत, पाच हजारांचा फायदा" असंही लिहिलेलं असतं. बऱ्याच कॉलेजांच्या ईमेलवर मायक्रोसॉफ्टचं ऑफिस विद्यार्थ्याला ऑनलाइन फुकट वापरता येतं, कॉलेजमध्ये एकदा विचारा. नसेल तर लिब्रेऑफिस नावाचं सॉफ्टवेअर आहे, पूर्ण मोफत, आणि मराठीतही चालतं. उलट एखादं मशीन फारच स्वस्त दिसलं तर विंडोज आहे का ते बघा. काही मशीनं "डॉस" म्हणून विकतात, त्यात विंडोज नसतं, ते वेगळं विकत घ्यावं लागतं.

जुन्या मशीनचाही विचार आम्ही केला. आमच्या एमआयडीसीत आणि ऐरोलीत मोठमोठी डेटा सेंटर उभी राहिलीत, खिडक्या नसलेल्या भिंतीच भिंती, आत म्हणे जगभराचे संगणक रात्रंदिवस चालू. आमच्यातल्या दोघी तिथंच झाडलोट करतात, आणि त्यांच्या घरी एक संगणक नाही. असो. ऑफिसं तीन-चार वर्षं वापरलेले लॅपटॉप काढून टाकतात, ते दुरुस्त करून मुंबईत लॅमिंग्टन रोडला आणि ठाण्यातही मिळतात. ऑफिसच्या कामाची ही मशीनं दणकट असतात आणि निम्म्याहून कमी भावात येतात. पण इंटेलचा प्रोसेसर असेल तर आठव्या पिढीचा किंवा नंतरचा हवा, नाहीतर विंडोज अकरा त्यावर रीतसर चालत नाही. आणि विंडोज दहाला कंपनीनं १४ ऑक्टोबर २०२५ पासून नेहमीचा आधार देणं बंद केलंय. बॅटरी किती तास टिकते ते समोर चालवून बघायचं, पक्कं बिल आणि निदान सहा महिन्यांची लेखी हमी घ्यायची. आमच्या ताईला हा मार्ग पटला नाही. "पोरीच्या हातात पहिलंच मशीन, ते नवं असू दे," म्हणाली. त्यावर आम्ही काही बोललो नाही.

आता पैशाचं. दुकानात "बिनव्याजी हप्ता" सांगतात. रिझर्व्ह बँकेनं सप्टेंबर २०१३ मध्येच बँकांना बजावलं होतं की शून्य टक्के व्याज असं काही नसतंच. व्याज कुठंतरी धरलेलं असतं. बहुतेक वेळा रोख घेणाऱ्याला जी सूट मिळते ती हप्तेवाल्याला मिळत नाही, वर प्रक्रिया शुल्क असतं आणि व्याजाच्या रकमेवर जीएसटी लागतो. म्हणून दोन भाव विचारायचे, रोखीचा आणि हप्त्याचा, आणि दोन्हींतला फरक कागदावर मांडायचा.

मुलीचं शैक्षणिक कर्ज काढायचं असेल तर लॅपटॉप त्यातच मागा. बँकांच्या आदर्श शैक्षणिक कर्ज योजनेत अभ्यासाला आवश्यक असेल तर संगणकाचा वाजवी खर्च धरता येतो. अर्ज करतानाच खर्चाच्या यादीत तो लिहायचा आणि कोटेशन जोडायचं. नंतर वाढवून घेणं जिकिरीचं होतं. कुटुंबाचं उत्पन्न साडेचार लाखांपर्यंत असेल आणि अभ्यासक्रम तांत्रिक किंवा व्यावसायिक असेल, तर शिक्षण चालू असतानाचं व्याज सरकार भरतं अशी योजना आहे, तिच्याबद्दल बँकेत स्पष्ट विचारा. ओबीसी, भटक्या-विमुक्त आणि आर्थिक मागास मुलांसाठी केंद्राची 'पीएम यशस्वी' शिष्यवृत्ती आहे. तिच्यात यादीतल्या निवडक नामांकित संस्थांतल्या विद्यार्थ्यांना संगणकासाठी एकदा ४५ हजारांपर्यंत मदत मिळते. सगळ्या कॉलेजांना नाही, म्हणून आधी यादी बघायची. आणि "सरकार सगळ्या विद्यार्थ्यांना मोफत लॅपटॉप देतंय, या लिंकवर आधार नंबर टाका" असा मेसेज आला तर तो पुढं पाठवू नका. असे मेसेज खोटे असल्याचं केंद्राच्या पत्र सूचना कार्यालयानं वेळोवेळी सांगितलंय. पैसे गेलेच तर ताबडतोब १९३० ला फोन. आणि रीतसर घेतलेल्या मशीनवर दुकानदार वॉरंटी नाकारत असेल तर ग्राहक हेल्पलाइन १९१५. जिल्हा ग्राहक आयोगात पाच लाखांपर्यंतच्या तक्रारीला फी लागत नाही.

ताईनं बँकेचं कर्ज काढलं नव्हतं, त्यामुळं प्रश्न आमच्याकडंच आला. आमच्या गटाचा नेहमीचा दर महिन्याला दोन टक्के. ऐकायला दोन, वर्षाचे होतात चोवीस. तीस हजार घेतले आणि दर महिन्याला तीन हजार मुद्दल फेडलं, तर उरलेल्या रकमेवर दहा महिन्यांत व्याज होतं ३,३००. कॉलेजच्या भावात वाचत होते ते दीड हजार या व्याजातच बुडाले असते, हे फळ्यावर मांडल्यावर सगळ्या गप्प झाल्या. मग शिक्षणाच्या कर्जाला एक टक्का असा ठराव केला, म्हणजे १,६५०. हा ठराव सहज झाला नाही. गटाचं व्याज म्हणजे आपलंच उत्पन्न, ते का सोडायचं, असा दोघींचा मुद्दा होता आणि तो चुकीचाही नाही. शेवटी ठरलं की वर्षात अशी दोनच कर्जं द्यायची.

छपराला त्याच आठवड्यात पैसे दिले. लॅपटॉपला दिवाळीपर्यंत थांबलो. दिवाळीत मुलीनं स्वतःच मॉडेल नंबर लिहून आणले, चार दुकानांचे भाव वहीत मांडले आणि ४१ हजारांचं मशीन निवडलं, आठ जीबीचं, मेमरी वाढवता येणारं, दोन वर्षांच्या वॉरंटीचं. अकरा हजार ताईनं साठवलेले, तीस हजार गटाचे. बिल कोणाच्या नावावर करायचं यावर थोडी चर्चा झाली. वडिलांच्या नावावर करू, असं घरातून आलं होतं. वॉरंटीसाठी बिल दाखवायला मुलीलाच जावं लागणार, म्हणून ते तिच्या नावावर केलं, आणि त्याची प्रत गटाच्या फाइलला लावली. आतापर्यंत दोन हप्ते आले आहेत, तिसरा येत्या रविवारच्या बैठकीत येईल.